संपादक पाहिजे

या अंकासाठी काय लिहिणार, असे संपादकांनी फोनवर विचारले, तेव्हा मी म्हणाले, "संपादक कसा निवडावा, यावर लिहीन म्हणते." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. त्यांचा दोष नाही. संपादकाने लेखक निवडावा ही जगाची रीत. लेखकाने संपादक पारखून घ्यावा ही चाल मराठीत अजून पडलेली नाही. 'साभार परत' आलेल्या लेखांचे एक पुडके माझ्याही कपाटात आहे. त्यामुळे त्या शांततेने मला थोडे समाधान मिळाले, हे कशाला नाकारू?

पण खुलासा करते. मला हवा असलेला संपादक माणूस नव्हे. तो संगणकात राहतो. संगणकावर साधा मजकूर लिहायची, खोडायची आणि जपून ठेवायची जी सोय असते तिला 'टेक्स्ट एडिटर' म्हणतात. आमच्या कॉलेजातली मुले नुसते 'एडिटर' म्हणतात. मीही यापुढे तेच म्हणेन. आणि तो हवा होता संख्याशास्त्राची आकडेमोड करण्यासाठी. आता मराठी शिकवणाऱ्या बाईला या उचापती कोणी सांगितल्या होत्या, असे वाचक विचारतील. घरातही हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि तो विचारणाराने वर्तमानपत्र खाली ठेवण्याचीही तसदी घेतली नव्हती!

मी शिकवते मुळशी तालुक्यात. पुण्याहून चांदणी चौक ओलांडला, भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकले, की हा तालुका आपले खरे रूप दाखवू लागतो. एका अंगाला हिंजवडी. तिथले संगणक कंपन्यांचे ते काचेचे नगर सरकारी दप्तरात याच तालुक्यात मोडते, हे पुष्कळ पुणेकरांना ठाऊक नसते. दुसऱ्या अंगाला टाटांचे धरण. ज्याच्या विरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, ते हेच. या दोहोंच्या मधल्या गावांतून माझे विद्यार्थी येतात. एखाद्याचा थोरला भाऊ हिंजवडीत कंपनीची बस चालवतो, धाकटा आंबेमोहोराची लावणी करतो आणि आजीला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ असतात. तिघे एका घरात राहतात, एका ताटलीतला भात वाटून खातात.

ओव्यांचा उल्लेख केला की दोन नावे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून पुढे महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल या संगीताच्या आणि संगणकाच्या अभ्यासकाने त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून हा ठेवा 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, लोकांसमोर आणीत आहे. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. त्या डोंगरापुढे माझे काम म्हणजे वाटीभर पीठ. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीकडून तीन सुट्ट्यांत मिळून सहाशेच्या आसपास ओव्या मी उतरून घेतल्या, एवढेच.

उतरून घेता घेता माझ्या मनात एक मत पक्के होत गेले. या ओव्यांत भाऊ जागोजाग भेटतो. नवरा मात्र क्वचित. माहेराची वाट संपत नाही, सासरचा उंबरा ओलांडला जात नाही. एके दिवशी स्टाफरूममध्ये चहा घेताना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितले. आमचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक शांतपणे बिस्कीट बुडवीत होते. ते म्हणाले, "मोजलेत का, मॅडम?"

मोजले नव्हते. मराठीच्या प्राध्यापकांची पुष्कळशी मते न मोजलेलीच असतात. 'बहुधा', 'प्रायः', 'जागोजाग' हे आमचे आकडे. पण तो प्रश्न मनात काट्यासारखा राहिला.

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. त्याला विचारले. तो म्हणाला, "मावशी, तू आर शीक." मी म्हटले, "अरे, आर म्हणजे पराणीच्या टोकाचा खिळा. बैलाला टोचतात तो. मला काय टोचायचे आहे?" त्याला पराणी ठाऊक नव्हती आणि मला हा दुसरा आर ठाऊक नव्हता; तेव्हा फिटंफाट झाली.

हा दुसरा आर म्हणजे संख्याशास्त्राच्या कामासाठी केलेली एक संगणकी भाषा. तिचे कूळ असे: अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७६ च्या सुमारास जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' नावाची भाषा केली. पुढे न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन शिक्षकांनी १९९० नंतर तिच्याच वळणावर दुसरी भाषा रचली. दोघांच्या नावाचे आद्याक्षर आर. म्हणून भाषेचे नाव आर. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००० सालच्या २९ फेब्रुवारीला बाहेर पडली. चार वर्षांतून एकदा येणारा दिवस मुहूर्तासाठी निवडणाऱ्या माणसांना विनोदबुद्धी असावी. या भाषेला पैसे पडत नाहीत. कोणीही उतरवून घ्यावी, वापरावी, आत काय आहे तेही पाहावे.

आरची रीत प्रश्नोत्तराची. तिच्या खिडकीत आपण एक ओळ लिहायची, एंटर दाबायचे, ती खाली उत्तर देते. दोन अधिक दोन विचारले तर चार सांगते. सहाशे ओव्यांतले शब्द मोजायला सांगितले तर तेही डोळ्याचे पाते लवायच्या आत सांगते. मग एडिटर कशाला, असे मलाही वाटले होते. त्याचे उत्तर चकलीत आहे. माझ्या सासूबाई भाजणी अंदाजाने करीत. ज्या वर्षी चकली खुसखुशीत झाली त्या वर्षी सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या वर्षी ती दाताने तुटेना. काय बदलले हे त्यांनाच सांगता येईना, कारण लिहून काही ठेवलेच नव्हते. आरच्या खिडकीत थेट लिहीत गेले की तसेच होते. उत्तर मिळते, पण ते कोणत्या वाटेने मिळाले याचा कागद उरत नाही. एडिटर हा तो कागद. आज्ञा त्याच्यात लिहायच्या, तिथून आरकडे पाठवायच्या, चुकले तर तिथेच दुरुस्त करायच्या आणि फाइल जपून ठेवायची. स्टाफरूममधल्या बिस्कीटवाल्या सद्‌गृहस्थांनी "कसे मोजलेत?" असे विचारले, तर ती फाइल त्यांच्यापुढे ठेवता येते.

आता कागदच हवा, तर आपण सारे ज्याच्यात पत्रे आणि प्रश्नपत्रिका लिहितो तो वर्ड प्रोसेसर का नको? मी त्यानेच सुरुवात केली आणि दोन संध्याकाळी फुकट घालवल्या. तो फार शिष्टाचारी. आपण साधे उभे अवतरणचिन्ह दिले की तो त्याला सुबक बाक देऊन ठेवतो. ओळीचे पहिले अक्षर आपण होऊन मोठे करतो. छापील मजकुरात हे शोभते. आरला मात्र बाकदार अवतरणचिन्ह कळत नाही, आणि इंग्रजीतले लहान व मोठे अक्षर तिला दोन वेगळी अक्षरे वाटतात. सोवळ्यातल्या आजीबाईंसारखे तिचे असते. जरा शिवाशिव झाली की सगळा स्वयंपाक टाकून दिला! तेव्हा पहिला धडा हा, की आज्ञा लिहायला सजावट न करणारा एडिटर हवा. जे लिहिले तेवढेच, जसेच्या तसे ठेवणारा.

दुसरा धडा मी फार महाग विकत घेतला.

२०१९ च्या दिवाळीत मी तिसऱ्यांदा त्या आजींकडे गेले. आधीच्या दोन सुट्ट्यांत वहीत लिहीत असे. या वेळी मोठ्या ऐटीत एक जुना लॅपटॉप नेला होता. आजींनी आधी टाळाटाळ केली. म्हणाल्या, "बाई, जातं नसलं तर ओवी कशी आठवंल? हात फिरला की तोंड चालतं. हात बसला, तोंड बी बसलं." मग नातीने पडवीतले जाते पुसून आणले, मूठभर तांदूळ घातले आणि आजींचा हात फिरू लागला. ओट्यावर बसून मी थेट टाइप करीत गेले. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत अठ्ठावन्न ओव्या झाल्या. लॅपटॉपमध्ये एक अगदी साधा जुना एडिटर होता, त्यातच लिहीत होते. फाइल जपताना त्याने इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारले. आजी नवी ओवी सुरू करीत होत्या. आपण सारे जे करतो तेच मी केले. न वाचता 'ओके' दाबले. पडद्यावर सगळी अक्षरे जागच्या जागी होती. मी निर्धास्त झाले.

परीक्षा, पेपर, पाहुणे यांत महिना गेला. मग फाइल उघडली. ओळी होत्या, ओळींमधली अंतरे होती, पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे. अठ्ठावन्न ओव्यांची नुसती प्रश्नचिन्हे. त्या एडिटरने विचारले होते ते हेच: 'हा मजकूर जुन्या पद्धतीने ठेवला तर त्यातली काही अक्षरे नाहीशी होतील, ठेवू का?' आणि मी हो म्हटले होते.

असे का होते, ते थोडक्यात सांगते; घरोघरी उपयोगी पडेल. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या पद्धतीत अक्षरांसाठी २५६ खणांची एक पेटी असे, आणि रोमन लिपीवाल्यांनी ती भरून टाकलेली. पूर्वीच्या देवनागरी फाँटांनी यावर युक्ती काढली होती. पेटीतले आकडे रोमनचेच, वरचे चित्र तेवढे देवनागरी. म्हणून एकाच्या संगणकावरचे पत्र दुसऱ्याच्या संगणकावर गिचमीड होऊन उघडत असे. ज्यांनी लग्नपत्रिका छापून घेतल्या आहेत त्यांना हा ताप आठवत असेल. युनिकोडने, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, जगातल्या लिपींना स्वतःची घरे दिली. देवनागरीच्या मुख्य वस्तीत १२८ घरे आहेत. ही घरे फाइलमध्ये लिहून ठेवण्याची आज सर्वत्र चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात आपले एकेक अक्षरचिन्ह तीन खण व्यापते. जुन्या पेटीत ते मावत नाही, म्हणून एडिटर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो.

पुढे मला समजले की फाइल चुकीच्या पद्धतीने नुसती उघडली असेल तर बिघडत नाही. कागद उलटा धरला होता, सुलटा धरावा. पण चुकीच्या पद्धतीने जपली असेल तर शाईच पुसलेली असते. माझी पुसली होती.

मी गावी गेले. आजी मार्गशीर्षातच गेल्या होत्या. पडवीत जाते भिंतीला लावून उभे केले होते. नातीला मी काय सांगावे? कशीबशी सांगितले. ती काही बोलली नाही. चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, काही मला येतात." त्या दिवशी तिला अकरा आठवल्या, पुढच्या दोन महिन्यांत, आईला, आत्याला विचारून, तेवीस झाल्या. पस्तीस राहिल्या. या वेळी मी वहीत लिहिल्या.

त्यानंतर मी एडिटर पाहायला निघाले, ते उपवर मुलीच्या बापाने स्थळे पाहावीत तसे. २०२० ची टाळेबंदी होती, भाचा घरूनच काम करीत होता, आणि मला राग आलेला होता.

पहिले स्थळ 'व्हिम'. घराणे जुने आणि नामांकित. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास 'व्हीआय' केला, त्याच्या वंशातला हा, ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये बाहेर काढलेला. मूलेनार २०२३ मध्ये वारले. एडिटर फुकट देऊन, आवडला तर युगांडातल्या अनाथ मुलांना मदत करा, एवढेच ते वापरणाऱ्यांना सांगत. माणूस थोर, एडिटर मात्र नवख्याला घरात घेत नाही. कळ दाबली की अक्षर उमटेल अशी आपली भाबडी समजूत. इथे आधी 'लिहिण्याच्या अवस्थेत' शिरावे लागते. शिरल्यावर बाहेर पडायचे कसे, हे अनेकांना उमगत नाही. मी शेवटी लॅपटॉप बंद केला. भाचा म्हणाला, पहिल्या भेटीत सगळे तेच करतात.

दुसरे स्थळ 'ईमॅक्स', रिचर्ड स्टॉलमन यांच्या नावाशी जोडलेले. आरसाठी त्याला एक खास जोड आहे, आणि देवनागरी टाइप करण्याची सोय त्याच्या पोटातच आहे. संख्याशास्त्रातली जुनी मुरलेली मंडळी त्याच्यावर जीव टाकतात. पण त्याच्या कळांच्या जोड्या पाठ करणे म्हणजे पन्नाशीकडे झुकलेल्या बोटांना पेटी शिकवण्यासारखे. 'व्हीएस कोड' हा मायक्रोसॉफ्टचा, २०१५ पासूनचा. सध्या तरुणांत याचेच नाव ऐकू येते. हे स्थळ उमदे, पण आरशी संसार करायचा तर वेगळी जोडणी घाला, आरमध्ये आणखी एक पुडी उतरवा, मार्ग नीट दाखवून द्या, अशा अटी पुष्कळ. जिला चार भाषांत काम करायचे आहे तिने अवश्य पाहावा. 'नोटपॅड प्लस प्लस' हा डॉन हो यांनी २००३ मध्ये आणलेला एडिटर मला मनापासून आवडला. अंगाने हलका, जुन्या संगणकावरही पळतो, आणि फाइल कोणत्या पद्धतीची आहे ते खालच्या पट्टीवर सतत लिहून ठेवतो. ती पट्टी मी वर्षभर आधी पाहिली असती तर! ओव्यांच्या फाइली तपासायला मी तो आजही वापरते. पण तो आपण होऊन आरशी बोलत नाही.

शेवटी पसंत पडला तो 'आरस्टुडिओ'. २०११ पासून तो मिळतो आणि घरगुती संगणकावरच्या आवृत्तीला पैसे पडत नाहीत. त्याच्या कंपनीने २०२२ मध्ये आपले नाव बदलून 'पॉझिट' केले. तिने 'पॉझिट्रॉन' नावाचा आणखी एक नवा एडिटरही काढला आहे. पण शिकाऊ माणसाने नव्या नावामागे धावू नये असे माझे मत.

आरस्टुडिओची खिडकी चार खोल्यांच्या घरासारखी. वर डावीकडे आपला कागद. खाली आरचे प्रश्नोत्तर. वर उजवीकडे आपण काय काय मांडून ठेवले आहे त्याची यादी. खाली आलेख, फाइली आणि मदत. कागदावरच्या ओळीवर थांबून कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की ती ओळ आरकडे जाते, आणि कागदावरही राहते. कंस उघडला की तो मिटवणारा कंस आपोआप येतो. अवतरणातला मजकूर वेगळ्या रंगात दिसतो, त्यामुळे एखादे चिन्ह मिटवायचे राहिले की खालचा सारा कागद एका रंगात रंगून आपली चूक चव्हाट्यावर आणतो. शब्दाची दोन-तीन अक्षरे लिहून टॅब दाबली तर पुढची तो सुचवतो. नवख्याला हेच हवे असते. हुशारी नको, हात धरणारा हवा. पहिल्याच दिवशी 'टूल्स' मेनूतल्या मांडणीत जाऊन फाइली यूटीएफ-८ पद्धतीनेच जपाव्यात असे सांगून ठेवावे. आणि एखादी फाइल गिचमीड उघडली तर काही न जपता 'फाइल' मेनूतल्या 'रीओपन विथ एन्कोडिंग'ने ती सुलटी धरून पाहावी.

दोषही सांगते, कारण स्थळाची माहिती पुरी द्यावी. देवनागरी ओळीत दुरुस्ती करताना माझ्या यंत्रावर कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर भलत्याच जागी उमटते. म्हणून मी आज्ञा एका फाइलीत आणि ओव्या दुसऱ्या फाइलीत ठेवते. शिवाय तो जुन्या संगणकाला जड जातो. आमच्या प्रयोगशाळेतली काही यंत्रे त्याला उघडताना एवढी धापा टाकतात, की तेवढ्या वेळात मी हजेरी घेऊन संपवते.

एक अडचण एडिटरची नव्हे, आरचीच होती. विंडोजवर ओव्यांचा तक्ता छापायला सांगितला की 'म'च्या जागी कोनी कंसात 'यू अधिक शून्य नऊ दोन ई' असा त्याचा घरक्रमांक येई. पोस्टमनने पत्राऐवजी पत्ताच हातात द्यावा, तसे. २०२२ च्या एप्रिलमध्ये आरची ४.२.० ही आवृत्ती आली. तिने नव्या विंडोजवर यूटीएफ-८ आपलीशी केली आणि हा तिढा सुटला. त्याच वेळी ३२ बिटांच्या जुन्या विंडोजला तिने रामराम ठोकला, हेही जुने संगणक बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मग मोजणी सुरू झाली. मोजायला बसली ती आजींची नात. तोवर ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि माझ्याहून चौपट वेगाने शिकत होती. आरला आम्ही सर्वांत आधी विचारले, 'मुळशी' या शब्दात अक्षरे किती? माझ्या मते तीन. आरने सांगितले पाच. उकार आणि वेलांटी तिने स्वतंत्र मोजली होती. खण मोजायला सांगितले तर पंधरा. छंदाच्या तासाला मी हे उदाहरण आता हटकून देते.

त्यापुढचा अडसर आमच्या भाषेचाच. 'भाऊ', 'भावाला', 'भावाच्या', 'बंधू', 'बंधवाच्या' हे आरच्या लेखी पाच परके शब्द. सामान्यरूप म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवलेले नाही. कोणते शब्द एका घरातले, याची यादी आम्हाला हाताने करावी लागली, आणि तीत तीन रविवार गेले. पलीकडच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा माणसे, जमिनी, कर्जे सगळे हातानेच मोजले होते. त्यांच्या जिवाचे काय झाले असेल याची कल्पना आम्हाला त्या रविवारी आली.

पहिला तक्ता आला तेव्हा सर्वांत वर भाऊही नव्हता आणि नवराही नव्हता. मुलगी पडद्याकडे बोट दाखवून हसत सुटली. "मॅडम, पहिला नंबर तुमचा!" सर्वांत अधिक वेळा आलेला शब्द होता 'बाई'. ओवीच्या ओळीत मधेच येणारे, तिला वळण देणारे ते 'बाई'. भाच्याला कळवले तर तो म्हणाला, असले भरतीचे शब्द आधी काढून टाकायचे असतात, त्याची तयार रीत आहे. मी नाही म्हटले. जात्याच्या खुंट्याला दोन हात असत. समोर बसलेल्या बाईला उद्देशून ते 'बाई' आहे. ते काढून टाकले तर ओवी कोणाला सांगितली तेच उरत नाही. त्यासाठी आम्ही दोन तक्ते केले, एक 'बाई'सकट, एक 'बाई'विना. मूळ कागद एडिटरमध्ये जसाच्या तसा असल्यामुळे दुसऱ्या तक्त्याला एक ओळ बदलावी लागली, बस्स.

'बाई' बाजूला ठेवल्यावर भाऊ खरोखरच वर आला, आणि 'भरतार', 'कंथ' हे शब्द पार खाली. मी विजयी मुद्रेने स्टाफरूमकडे निघणार होते. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पण मॅडम, चुडा कुठे धरला?"

मी उभीच राहिले. जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. ओवीत तो 'चुडा' होऊन येतो, 'कुंकू' होऊन येतो, कपाळावर आणि मनगटावर येतो. हे मी वर्गात पंधरा वर्षे शिकवीत आले, आणि यादी करताना नेमके तेच विसरले. 'चुडा' आणि 'कुंकू' नवऱ्याच्या घरात घातले. प्रत्येक ठिकाणी तो अर्थ आहे की नाही हे ओवी वाचूनच ठरवावे लागले. ते काम कोणताही आर किंवा एडिटर करीत नाही. नव्या तक्त्यात भाऊ पुढेच राहिला, पण जेमतेम. 'नवरा क्वचित' हे माझे लाडके विधान मात्र टिकले नाही.

मी स्टाफरूममध्ये जाऊन ते कबूल केले. संख्याशास्त्राच्या सरांनी आमची फाइल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली आणि विचारले, "या पस्तीस राहिलेल्या ओव्या कुठल्या?"

त्यांना मी सगळी हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्या पस्तीसांत नवऱ्याच्या किती होत्या हे ठाऊक नसल्यामुळे भाऊ पुढे आहे असेही खात्रीने म्हणता येणार नाही. अंतर तेवढ्याहून कमी आहे.

हे त्या मुलीला कळवले तेव्हा ती आपल्या गावी होती. आता ती एका कार्यालयात नोकरीला लागली आहे. लॅपटॉप तिचा स्वतःचा आहे आणि त्यात आरस्टुडिओ आहे. तिने सांगितले, पानशेतच्या बाजूला दिलेली आजीची एक धाकटी बहीण अजून आहे, ऐकू कमी येते पण गळा शाबूत आहे. भाऊबीजेला ती माहेरी येणार आहे. आम्ही दोघी जाणार आहोत. जाते धुऊन ठेवायला सांगितले आहे, आणि वही मी घेणार आहे.